शिक्षा एकाला, कैद सगळ्या घराला

कोर्टाच्या हुकमावर नाव एकाचंच असतं. कलम एकालाच लागतं, बेड्या एकाच्याच हातात पडतात. पण ज्या दिवशी कमावता माणूस पोलिसांच्या गाडीत बसतो, त्या दिवसापासून त्याचं मागे राहिलेलं घरही शिक्षा भोगायला लागतं. त्या शिक्षेला कलम नाही, मुदत नाही, अपील नाही. माफी तर नाहीच.

बाई कामावर खाडा करून जेलच्या दारात मुलाखतीला उभी राहते. आधारकार्ड, नातं सांगणारा कागद, रांग. एवढं करून जाळीपल्याडचं तोंड काही मिनिटं दिसतं, तेही आजूबाजूच्या आरडाओरड्यात. पुढच्या आठवड्यात कोर्टाची तारीख. तिथं दिवसभर बसून कळतं की आरोपीला आणायला पोलीस पार्टीच मिळाली नाही. दिवस गेला, मजुरी गेली, एसटीचं भाडं गेलं. वकील म्हणतो पैसे आणा. मालक म्हणतो खोली खाली करा. शाळेत पोराला हाक पडते ‘चोराचा’. घर फिरलं की घराचे वासे फिरतात म्हणतात. इथं वासेच नाहीत, पत्रा आहे, आणि तोही भाड्याचा.

दोस्तांनो, हा अंक आम्ही या घरांना दिला आहे. तुरुंगात गेलेल्यांच्या घरांना, मार खाणाऱ्या बायांना, डोळ्यांदेखत बापाचा खून पाहिलेल्या पोरांना. आणि या घरांच्या दारात पिशवी, फॉर्म आणि कॅमेरा घेऊन येणाऱ्या ‘दये’लाही.

आत कोण आहे?

सरकारचेच आकडे घ्या. ३१ डिसेंबर २०२२ ला देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती. त्यांतले ४,३४,३०२ कच्चे कैदी. म्हणजे शंभरातले पंचाहत्तर असे, की ज्यांचा गुन्हा अजून सिद्धच झालेला नाही. आपल्या देशात अनुसूचित जातींचा माणूस सहाजणांत एक भेटतो. कच्च्या कैद्यांत तो पाचजणांत एक भेटतो. त्याच दिवशी १,५३७ बाया १,७६४ लेकरांसह आत होत्या. त्या लेकरांवर कुठला गुन्हा दाखल होता? आई गरीब होती, हाच.

जामीन मिळत नाही का? मिळतो. कायद्यात मिळतो. १९७८ साली मध्य प्रदेशातल्या मोतीराम नावाच्या गवंड्याचं प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. जामीन मंजूर होता, पण खालच्या मॅजिस्ट्रेटनं दहा हजारांचा जामीनदार मागितला. भावाची जामीनकी नाकारली, का? तर त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्या मॅजिस्ट्रेटचा खरपूस समाचार घेतला आणि एक हजाराच्या जातमुचलक्यावर त्याला सोडायला सांगितलं. १९७९ साली हुसैनारा खातून खटल्यात बिहारच्या जेलांचं झाकण उघडलं. गुन्ह्याला जेवढी शिक्षा असते, त्याहून जास्त वर्षं खटल्याविना आत काढलेली माणसं बाहेर आली. त्यांत अशाही बाया निघाल्या की ज्या आरोपीच नव्हत्या. त्या साक्षीदार होत्या, पीडित होत्या, आणि ‘संरक्षणासाठी’ म्हणून त्यांना गजाआड ठेवलं होतं!

या गोष्टीला चाळीस-पंचेचाळीस वर्षं झाली. आजही कोर्टाच्या आवारात सातबारा आणि सॉल्व्हन्सीची भाषा चालते. ज्याच्या बापजाद्यांना गावानं वीतभर जमीन मिळू दिली नाही, त्याच्याकडे सातबारा मागतात. भूमिहीनाला सातबारा मागणं हा विनोद नाही, ती जातीचीच शिक्षा आहे. तिला फक्त कोर्टाचा शिक्का मारलेला आहे.

आणि आत गेल्यावर? कित्येक राज्यांच्या जेल मॅन्युअलमध्ये झाडू कुणी मारायचा आणि स्वयंपाक कुणी करायचा हे जातीवरून ठरत होतं. हे घटनाबाह्य आहे असं सुप्रीम कोर्टाला ३ ऑक्टोबर २०२४ ला सांगावं लागलं. स्वातंत्र्याला सत्याहत्तर वर्षं झाल्यावर! जेलच्या रजिस्टरातला जातीचा रकाना काढा असा हुकूम झाला. रकाना निघेल. डोक्यातला कोण काढणार?

दया येते दाराशी

अशा घराच्या दारात संस्था येते. सगळ्यांना एका काठीनं हाणणं हा आमचा धंदा नाही. जे चांगलं आहे त्याला चांगलं म्हणायची दानत आमच्यात आहे. टाटा समाजविज्ञान संस्थेच्या ‘प्रयास’नं १९९० पासून मुंबईत कैद्यांबरोबर आणि सुटून आलेल्यांबरोबर काम उभं केलं. त्याच संस्थेनं १९८४ साली मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात मार खाणाऱ्या बाईसाठी विशेष कक्ष उघडला. जिथं बाईला हाकलून लावत, त्याच जागी तिचं ऐकून घेणारी खुर्ची ठेवली. ही कामं खरी आहेत. यांनी सोडवलेल्या माणसांना आमचं तत्त्वज्ञान ऐकून जामीन मिळाला नसता.

पण या मूठभरांच्या मागे एक भलीमोठी रांग आहे. २०१३ च्या कंपनी कायद्यानं मोठ्या कंपन्यांना नफ्यातले दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करणं भाग पडलं. पैसा आला, पण तो आपली पसंती घेऊन आला. त्याला हसरं पोर पाहिजे, रंगवलेली शाळा पाहिजे, फीत कापायला पाहुणा पाहिजे. खुनाच्या आरोपीच्या बायकोचा फोटो अहवालात शोभत नाही. त्यामुळे ज्या घराला सगळ्यात जास्त गरज, तिथं हा पैसा सगळ्यात शेवटी पोचतो. दुसरीकडे २०२० साली परदेशी देणग्यांचा कायदा बदलला. एका संस्थेनं ते पैसे दुसरीला द्यायला बंदी झाली, कारभारावरच्या खर्चाची मर्यादा पन्नास टक्क्यांवरून वीसवर आली. तालुक्याच्या गावी दोन खोल्यांत काम करणारी, मोठ्या संस्थेच्या हातून पैसा मिळवणारी छोटी संस्था त्यात मेली. एसी हॉलवाल्या जगल्या.

मग दाराशी जी दया येते ती कशी असते? ती आधी फॉर्म भरते. नवरा काय करतो? दारू पितो का? किती मुलं? इतकी का? आत कशासाठी गेला? ज्या बाईनं ठाण्यात हेच प्रश्न फौजदाराच्या तोंडून ऐकले, तिला तेच प्रश्न मऊ आवाजात पुन्हा ऐकावे लागतात. उत्तरं नीट दिली, मान खाली ठेवली, तर तांदूळ मिळतो. ताठ बोलली तर ‘सहकार्य करत नाही’ असा शेरा. वर्षाअखेरी कार्यक्रम होतो. पोरांना स्टेजवर उभं करतात आणि माईकवरून सांगतात, यांचे वडील तुरुंगात आहेत. टाळ्या पडतात. सालं, त्या पोराचं काय होत असेल, याचा विचार टाळ्या वाजवणाऱ्या एकाही हाताला शिवत नाही.

येसकराची भाकर आठवते का? दिवसभर गावाची राबणूक करायची आणि संध्याकाळी घोंगडी पसरून दारोदार शिळे तुकडे मागायचे. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी सांगितलं की मेलेलं ढोर ओढणं सोडा, शिळ्या तुकड्यांची लाचारी सोडा. आपल्या बापजाद्यांनी पोटाला चिमटा घेऊन ते सोडलं. आता तेच तुकडे प्लास्टिकच्या पिशवीत, लोगो छापून येतात, आणि आपण फोटोला उभे राहतो.

हे आजचं नाही

दयेच्या हातात तुरुंगाच्या किल्ल्या असतात ही गोष्ट या देशात जुनी आहे. १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि जन्मलेलं पोर पाळण्यातच गुन्हेगार ठरवलं. पुढं या जमातींना काटेरी तारेच्या आत ‘सेटलमेंट’मध्ये कोंडलं. हजेरी द्यायची, पास घेऊन बाहेर जायचं, गिरणीत राबायचं. सोलापूरला ते नाव अजून लोकांच्या तोंडी आहे. या वसाहती चालवायला कोण होतं? कित्येक ठिकाणी धर्मादाय मिशनं होती. सोलापूरला अमेरिकन मराठी मिशन, इतर प्रांतांत साल्व्हेशन आर्मी. तीच शाळा चालवत, तीच दवाखाना चालवत, आणि हजेरीही तीच घेत. आईबाप सुधारणार नाहीत म्हणून पोरं त्यांच्यापासून तोडून वेगळी ठेवायची मुभा कायद्यानं दिली होती. हे सगळं ‘उद्धारा’च्या नावानं. ३१ ऑगस्ट १९५२ ला तार निघाली, पण गावात चोरी झाली की पोलीस अजून पारध्याच्याच पालावर जातात. आणि पोर तोडायची सवयही गेलेली नाही. बाप आत, आई कामावर, पोर रस्त्यावर दिसलं की ‘काळजी आणि संरक्षण’ म्हणून बालगृहात. आईच्या हातात दोन पैसे दिले असते तर पोर घरातच राहिलं असतं, हे कुणाच्या डोक्यात येत नाही.

दुसरी गोष्ट १९३२ ची. पुणे करार झाला आणि अस्पृश्यता निवारणासाठी जी लीग निघाली तीच पुढं हरिजन सेवक संघ झाली. नोव्हेंबर १९३२ मध्ये लंडनला जाताना बोटीवरून बाबासाहेबांनी तिचे सरचिटणीस ठक्कर यांना लांबलचक पत्र लिहिलं. त्यातला मुद्दा आजच्या प्रत्येक संस्थेच्या भिंतीवर लावावा असा आहे. माणूस दैन्यात का पडतो याची दोन उत्तरं असतात. एक, त्याच्यातच दोष आहे. मग त्याला दारूबंदी, व्यायामशाळा, वाचनालयं द्या, तो सुधारेल. दुसरं, त्याच्या भोवतीची परिस्थितीच त्याला दाबते. मग ती परिस्थिती मोडा. बाबासाहेबांनी दुसरी वाट धरायला सांगितली. पाणवठ्यासाठी, शाळेसाठी, नागरी हक्कांसाठी गावागावांत लढा, आणि कामाला माणसं घ्याल ती अस्पृश्यांतलीच घ्या. पत्राची साधी पोचसुद्धा आली नाही. संघाच्या कारभारात अस्पृश्यांना जागा नव्हती. गांधींचं म्हणणं असं की हे सवर्णांचं प्रायश्चित्त आहे, ऋण त्यांचं, फेडतीलही तेच. १९४५ च्या पुस्तकात बाबासाहेबांनी या सगळ्या खटाटोपाला राजकीय दानधर्म म्हटलं, दयेनं मारून टाकण्याचा बेत म्हटलं.

ऋणको म्हणतो मी फेडतो, पण किती, कधी आणि कसं ते मीच ठरवणार, आणि धनकोनं हिशेबाच्या वहीला हात लावायचा नाही! असा सावकार जगात पाहिलाय का कुणी?

आणि तिसरी गोष्ट याच्या अगदी उलट. १८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात आपल्या घरातच बालहत्या प्रतिबंधक गृह उघडलं. बलात्कारानं, फसवणुकीनं गरोदर राहिलेल्या ब्राह्मण विधवा जीव देत होत्या, नाहीतर पोर मारून काळ्या पाण्यावर जात होत्या. फुल्यांनी त्यांना सांगितलं की या, गुपचूप बाळंत व्हा, पोर न्या नाहीतर ठेवून जा. चारित्र्याचा फॉर्म भरून घेतला नाही. १८७४ साली अशाच एका विधवेचा मुलगा त्यांनी दत्तक घेतला, तो यशवंत. दान नेहमी वरून खाली येतं असं आपल्याला शिकवलंय. इथं माळ्याच्या घरानं ब्राह्मणाच्या बाईला आसरा दिला. ज्यांना धर्मानं खाली ढकललं, त्यांनी वरच्यांच्या घरातल्या अत्याचारावर औषध केलं, आणि बाईची मान खाली जाऊ दिली नाही. पिढ्यान्‌पिढ्या घेणारेच ठरवलेल्या आपल्या लोकांचा वारसा हा आहे. घेण्याचा नाही.

आपल्या घरातलं

आता खपली काढू. दुखेल.

जेलमध्ये गेलेला प्रत्येक माणूस व्यवस्थेचा बळी नसतो. काहीजण बायकोला जाळून आत गेलेले असतात, काहीजण पोटच्या पोरीवर हात टाकून. त्याच्या मागे राहिलेल्या बाईची अवस्था सगळ्यात वाईट. तो होता तेव्हा मार होता, तो गेला तर भूक आहे. सासर म्हणतं तूच आत घातलंस. वस्ती म्हणते घरातलं भांडण ठाण्यात नेलंस, आधीच पोलीस आपल्यावर टपलेत, समाजाची अब्रू घालवलीस.

कसली अब्रू? बाईच्या पाठीवर वळ उठले तेव्हा ही अब्रू कुठं गेली होती? मनुस्मृती चौकात जाळायची आणि घरी येऊन मनू व्हायचं, हे चालणार नाही. घरात मार खाणाऱ्या बाईला ज्या वस्तीत चार घरं उघडी नाहीत, त्या वस्तीतली बाई दयेच्याच दारात जाणार. मग त्या दारात तिला ‘थोडं जुळवून घ्या’ म्हणून समुपदेशन मिळालं तर दोष फक्त त्या संस्थेचा नाही. वस्तीत दार नव्हतं, म्हणून ती तिथवर गेली. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यानं तिला त्याच घरात राहण्याचा हक्क दिला, संरक्षण अधिकारी दिला, पोटगी दिली. हे तिला विहारात कुणी सांगितलं? धम्मवर्गात सांगितलं? जयंतीच्या भाषणात?

आणि चळवळीच्या पुढाऱ्यांना एक सवाल. भूमिहीनांच्या सत्याग्रहात १९६४-६५ साली लाखोंनी जेल भरली. नामांतरासाठी भरली. बाया पोरं काखेला मारून आत गेल्या. आजही मोर्चा निघतो, दगड कुठून येतो कुणास ठाऊक, आणि रात्री कोंबिंग होतं. उचलली जातात ती नाक्यावरची पोरं. पुढारी दुसऱ्या दिवशी निवेदन देतात, फोटो छापून येतो. तिसऱ्या महिन्यात त्या पोराची आई कोर्टात एकटी बसलेली असते. ज्याच्या हाकेला पोर रस्त्यावर उतरलं, त्याच्या डायरीत त्या पोराची तारीख लिहिलेली नसेल, तर तो नेता कसला? तो कंत्राटदार आहे, माणसं पुरवणारा.

‘विद्रोही’चे संपादक सुधीर ढवळे यांना २०११ साली पकडलं. चाळीस महिने आत काढून २०१४ मध्ये ते निर्दोष सुटले. जून २०१८ मध्ये पुन्हा पकडलं, ते जानेवारी २०२५ मध्ये जामिनावर बाहेर. निर्दोष माणसाच्या त्या चाळीस महिन्यांची भरपाई? विधी आयोगानं २०१८ साली शिफारस केली की असा कायदा करा. शिफारस कागदावर आहे, आणि ज्यांचं नाव पेपरात कधीच येत नाही अशा हजारोंची घरं त्या कागदाखाली आहेत.

भीक कोणती, हक्क कोणता

दोस्तांनो, दयेशी लढायचं तर आधी हे पाठ करा की आपलं काय आहे. कारण आपल्या हक्काचंच पुष्कळदा भीक म्हणून आपल्या पदरात टाकलं जातं.

कायदेशीर मदत हा हक्क आहे. १९८७ चा कायदा सांगतो की अनुसूचित जाती-जमातीचा माणूस, कुठलीही बाई, कुठलंही मूल आणि कोठडीतला कुठलाही माणूस, यांना सरकारी खर्चानं वकील मिळालाच पाहिजे. उत्पन्नाचा दाखला मागायचं कारण नाही.

जातीय अत्याचारात खून झाला तर घरच्यांना सव्वाआठ लाखांची मदत, वारसाला दरमहा पेन्शन, पोरांचं शिक्षण, हे अॅट्रॉसिटीच्या नियमांत लिहिलेलं आहे. २०१६ च्या दुरुस्तीनं तातडीच्या मदतीला सात दिवसांची मुदत आहे. तहसीलदारानं चेक देताना फोटो काढला म्हणजे तो दाता होत नाही. तो पोस्टमन आहे.

जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी संहितेचं कलम ४७९ म्हणतं की पहिल्यांदाच पकडला गेलेला कच्चा कैदी शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत राहिला, की त्याला बंधपत्रावर सोडा. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे सोडून, आणि अंगावर दुसरे खटले नसतील तर. अर्ज करायची जबाबदारी जेलच्या अधीक्षकावर टाकलेली आहे. २०२३ साली केंद्रानं गरीब कैद्यांसाठी योजना काढली. तेव्हा ठरलं, जामिनासाठी चाळीस हजारांपर्यंत, दंडासाठी पंचवीस हजारांपर्यंत. आईबरोबर जेलात राहणाऱ्या सहा वर्षांपर्यंतच्या मुलाला दूध, पाळणाघर, शिक्षण मिळालं पाहिजे, हा सुप्रीम कोर्टाचा २००६ चा हुकूम. एकट्या पडलेल्या मुलांसाठी राज्याची सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे. २०२३ साली तिची रक्कम महिन्याला २,२५० रुपये झाली.

दात कोरून पोट भरत नाही, हे आम्हालाही कळतं. पण हे मागायला जी कारकुनाची खिडकी आहे, तिथं आपलं माणूस एकटं उभं राहतं आणि हाकललं जातं. त्याच्या शेजारी कायदा वाचलेला दुसरा माणूस उभा राहिला की खिडकीचा आवाज बदलतो.

आणि हक्क काय असतो, हे ज्यांना पुस्तकातून कळत नाही त्यांनी परभणीकडे बघावं. डिसेंबर २०२४ मध्ये संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, लोक रस्त्यावर आले, धरपकड झाली. सोमनाथ सूर्यवंशी, वडार समाजातला, कायद्याचं शिक्षण घेणारा पोरगा. १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना गेला. सरकारनं दहा लाख देऊ केले. त्याच्या आईनं ते नाकारले. पैसा नको, ज्यांनी मारलं त्यांच्यावर गुन्हा दाखल करा. कष्टकरी घरातली बाई दहा लाख परत करते, तेव्हा ती या देशातल्या सगळ्या दानशूरांना सांगत असते की माझ्या दुःखाचा भाव करू नका. ती कोर्टात गेली. २०२५ साली हायकोर्टानं गुन्हा नोंदवायला सांगितलं, आणि सुप्रीम कोर्टात जाऊनही सरकारला तो हुकूम उलटवता आला नाही.

पण लक्षात घ्या, नाही म्हणायची ताकद प्रत्येक आईला परवडत नाही. चूल थंड असताना पिशवी नाकारा, असं सांगणारा आमच्यात कुणी असेल तर त्यानं आधी त्या चुलीत लाकूड घालावं. मदत घ्या. पोटासाठी घेतलेल्या भाकरीनं कुणी लाचार होत नाही. भाकर देणारा गप्प बस म्हणतो, तिथून लाचारी सुरू होते.

म्हणून

वस्तीत पाय ठेवणाऱ्या प्रत्येक संस्थेला हे विचारा. तुमच्या समितीवर आमच्यातलं, जेल भोगलेल्या घरातलं, मार सोसलेलं कोण आहे? पगारावर आमची पोरगी घेतली का, की ती फक्त ‘लाभार्थी’च? फोटो कुणाला विचारून काढला? पोराला आईपासून तोडता की आईच्या हाताला बळ देता? ठाण्यात, कोर्टात, कलेक्टरच्या दारात आमच्याबरोबर उभे राहता का, की तिथं तुम्हाला ‘आम्ही राजकारण करत नाही’ आठवतं? आणि शेवटचं, आमच्या नावावर किती पैसा आला, हे वस्तीत बसून वाचून दाखवता का? उत्तरं देतील त्यांच्याबरोबर काम करा. कपाळाला आठ्या घालतील त्यांना वाट दाखवा.

आणि फक्त विचारत बसू नका. सांगलीत धंदा करणाऱ्या बायांनी १९९६ साली वेश्या अन्याय मुक्ती परिषद काढली. उद्धार करायला येणाऱ्यांनाच त्यांनी सांगितलं की आधी आम्हाला तुमच्यापासून वाचवा. गुंडांशी, पोलिसांशी, आजाराशी त्या स्वतः एकमेकींच्या जिवावर लढल्या. देवदासी म्हणून सोडलेल्या आपल्याच आया-बहिणी त्यात होत्या. त्यांना जमतं, तर पदव्या घेतलेल्या आपल्या पोरांना का जमू नये?

प्रत्येक शाखेनं एक वही घाला. वस्तीतलं कोण आत आहे, कुठल्या जेलात, पुढची तारीख कधी, किती महिने झाले. प्रत्येक तारखेला घरच्या बाईबरोबर एकजण जाईल. दोघंजण फॉर्म, दाखले, विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस तोंडपाठ करतील. मार खाणाऱ्या बाईची तक्रार बायाच ऐकतील, आणि मारणारा शाखेचा पदाधिकारी असला तरी त्याला पाठीशी घालायचं नाही. मोर्चा ठरेल त्याच बैठकीत ठरेल की धरपकड झाली तर कुणाच्या घरी कोण जाणार.

पैसा कुठून? चौदा एप्रिलला स्पीकरच्या भिंती उभ्या करायला वर्गणी कमी पडत नाही. एका रात्रीत कानाचे पडदे फाडून तो पैसा हवेत जातो. त्यातला चौथा हिस्सा काढा. महिन्याच्या शेवटच्या रविवारी विहारात हिशेब मोठ्यानं वाचा. बाबासाहेबांच्या जयंतीचा पैसा आत पडलेल्या पोराच्या आईला कोर्टात पोचवणार असेल, तर त्या बापाला याहून मोठी मानवंदना कुठली?

ही वही पुढच्या महिन्यात किती शाखांत उघडली, ते आम्ही याच पानावर नावानिशी छापू. ज्यांनी उघडली नाही त्यांचीही नावं छापू.

जय भीम!